धुक्यात हात वर केलेला माणूस

आम्ही सामरवरणीला एका चाळीत राहतो. खाली आठ खोल्या, वर आठ. आमची खालची, अगदी कोपऱ्यावरची. दारात उभं राहिलं की मोठ्या रस्त्याचं वळण दिसतं. नवरा सूत बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर आहे. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाते. मुलगा अडीच वर्षांचा. मी घरीच असते.

पळायचं कसं सुरू झालं ते आधी लिहिते. मुलीच्या शाळेत खेळांच्या दिवशी आयांची शर्यत ठेवली होती. मी मागे उभी होते, बाईंनी हाताला धरून पुढे ओढलं. शिट्टी वाजल्यावर मी पळाले, कारण थांबले असते तर सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं. पहिली आले. मुलीच्या वर्गाच्या या बाई कोकणातल्या, स्वतः पळणाऱ्या. त्यांनी मला दमणच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीबद्दल सांगितलं आणि माझं नावही घातलं. फॉर्म त्यांनीच भरला. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी फॉर्म मला कुठून भरता येणार. "नवऱ्याला विचारा आधी," एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलं. तो म्हणाला, "एकवीस? अगं, एवढ्यासाठी लोक रिक्षा करतात." पण नको म्हणाला नाही.

ही शर्यत तीन तासांच्या आत संपवायची असते. मागे राहिलात तर गाडी येते आणि बसवून घेऊन जाते. बाईंनी हे सहज सांगितलं. पण सगळ्यांच्या देखत मला गाडीत चढवलं जातंय, हे मला भाजी निवडतानाही दिसायचं. त्या भीतीनेच मी इतकी पळत होते. आणि दुसरं म्हणजे, पळताना कोणी माझ्याशी बोलत नाही. मला बोलायला जमत नाही. दुकानात गेले आणि दुकानदाराने चुकीचं पीठ दिलं तर तेच घेऊन येते. चाळीत तीन वर्षं झाली तरी शेजारणींशी माझं 'आलात का, गेलात का' याच्या पुढे गेलं नव्हतं.

वेळ कसा काढायचा हा प्रश्न होता. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीत तो पहाटेच जातो, तेव्हा सकाळ गेली. रात्रपाळीचा आठवडा माझ्या कामाचा. रात्रपाळी सकाळी सहाला सुटते, तो सायकलने सहा वीसपर्यंत घरी येतो. मुलीला आठला शाळा. त्याला तर डोळे उघडे ठेवणं जड जातं, म्हणजे पावणेआठच्या आत मला परत यायलाच हवं. एकूण जेमतेम ऐंशी मिनिटं. तेवढ्यात अकरा किलोमीटर व्हायचे, आणि बाई म्हणायच्या आता वाढवायला हवेत.

कंपनीत एक नियम आहे. पाळी संपली म्हणून मशीन सोडून निघता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिला की मग जायचं. त्या माणसाला रिलीवर म्हणतात. रिलीवर आलाच नाही तर आणखी एक पाळी करायची, त्याला डबल लागली म्हणतात. आमच्या घरातही आम्ही तोच नियम केला होता. तो आत आल्याशिवाय मी निघायचं नाही.

मग मी तो नियम हळूहळू झिजवला. आधी तो दारात सायकल लावताना मी निघायला लागले. मग तो चाळीच्या गेटात दिसला की. शेवटी असं ठरलं की मी दारात बूट घालून उभी राहायचं, तो वळणावर आला की मी हात वर करायचा, त्याने हात वर करायचा, की निघायचं. वळणापासून गेटाला वळसा घालून दारापर्यंत यायला त्याला तीन-चार मिनिटं. पोरं झोपलेलीच असतात. तीन-चार मिनिटं म्हणजे माझं अर्धा किलोमीटर. शिवाय निघण्याआधी मी दूध गॅसवर बारीक करून ठेवत होते. तो यायचा, हात धुवायचा, तोवर दूध वर आलेलं असायचं. तो उतरवायचा आणि चहा टाकायचा. रात्रपाळीचे तीन आठवडे हे असं चाललं आणि एकदाही काही झालं नाही.

त्या दिवशी धुकं होतं. इथे थंडीत नदीच्या बाजूने असं धुकं येतं की समोरचा विजेचा खांब अर्धाच दिसतो. दारात उभी होते. सहा वाजून अठरा मिनिटांनी वळणावरच्या दिव्याखाली सायकल दिसली. निळं जॅकेट, छातीवरून चमकणारी पट्टी, डोक्याला माकडटोपी. मी हात वर केला. त्यानेही हात वर केला. मी दार ओढून घेतलं, कडी न लावता, आणि चाळीच्या मागच्या बाजूने किलवणीच्या रस्त्याला लागले. वळणाकडे परत वळून बघितलं नाही.

हे जॅकेट दिवाळीला सगळ्या कंपनीला मिळालं होतं. सगळ्यांना एकच.

पाय छान चालले होते. थंडीत घाम उशिरा येतो. किलवणीच्या अलीकडे मी नेहमी वळते. तिथे रस्त्याला लागून एक घर आहे. नवऱ्याच्या डिपार्टमेंटमधला एक माणूस तिथे राहतो, नंदुरबारकडचा, गणपतीला आमच्याकडे जेवायला आला होता. तो ओट्यावर शाल गुंडाळून बसला होता. समोर शेकोटी. मी मान खाली घालून वळणार, तेवढ्यात त्याने हाक मारली.

"वहिनी! ओ वहिनी! पहाट पहाट कुठून पळताय? चोर लागला का मागे?"

मी थांबले. हसले असेन.

"भाऊला सांगा, रागावू नको म्हणा. रात्रभर तापाने फणफणलो. सकाळी उठताच आलं नाही. माझ्यामुळे त्याला डबल लागली ना आज."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी म्हणाले, "ते आले घरी."

"आले? कसे येतील? रिलीवर तर मीच त्यांचा." तो खोकला. "मशीन कोणावर टाकून येतील? सुपरवायझर सोडेल का?"

मी उभी होते. वळणावरची सायकल, निळं जॅकेट, वर केलेला हात. मग दूध. गॅस बारीक. दूध वर येईल, उतू जाईल, ज्योत विझेल. खिडकी थंडीसाठी बंद. खाटेवर दोघं एका गोधडीत.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या माणसाच्या अंगणात मोटरसायकल उभी होती. किल्लीसुद्धा लावलेली होती, तिला एक लाल दोरा बांधलेला होता, तो मला अजून दिसतो. मी फक्त म्हणायचं होतं, 'भाऊ, पोरं घरात एकटी आहेत, गॅस चालू आहे, मला सोडा.' तापातही तो उठला असता. दहा मिनिटांत मी घरी असते. माझं तोंड उघडलं नाही. मी पोरं एकटी टाकून पळायला आले हे त्याला कळेल, तो कंपनीत सांगेल, लोक नवऱ्याला विचारतील, असं सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं आणि मी म्हणाले, "बरं, सांगते."

"चहा घेऊन जा की!"

"नको, उशीर होतोय," मी म्हणाले आणि पळत सुटले.

फोन घरी होता. आमच्यात एक फोन घरी असतो आणि एक नवऱ्याकडे, तोही कंपनीच्या गेटवरच्या कपाटात ठेवून मग आत जावं लागतं. घरच्या फोनचा आवाज मी पहाटे बंद करत होते, पोरं उठू नयेत म्हणून. चाळीतल्या कोणाचाच नंबर मला पाठ नव्हता. पाठ काय, माझ्याकडे नव्हताच. कधी मागितला नव्हता.

साडेपाच किलोमीटर. बाईंनी शिकवलं होतं की सुरुवातीला जोरात पळायचं नाही, दम राखायचा. मी काही राखलं नाही. पहिल्या किलोमीटरलाच छाती जळायला लागली. मागून एक टेम्पो आला. मी हात वर केला, पण तो खांद्याच्या वर गेलाच नाही. ड्रायव्हरला वाटलं असेल घाम पुसतेय. तो गेला. त्याच्या मागचा लाल दिवा धुक्यात गेला तेव्हा मी ओरडले, पण तेव्हा ओरडून काय उपयोग.

मी हिशेब करत होते. अर्धा लिटर दूध बारीक गॅसवर किती वेळात वर येतं? वीस मिनिटं? मी निघून किती झाली? चाळीस? म्हणजे ज्योत विझून वीस मिनिटं झाली, आणि मी अजून रस्त्यातच आहे. मग वाटायचं, पातेलं मोठं घेतलं होतं का? मोठ्या पातेल्यात उतू जात नाही. कोणतं घेतलं होतं ते आठवेना. रोज हाताने घेतलेली वस्तू, ती आठवेना. मुलगी उठली तर? ती उठली की पहिल्यांदा दिव्याचं बटण दाबते. स्टुलावर चढते आणि दाबते. तिला अंधार आवडत नाही. हे मनात आल्यावर मी रडत नव्हते, पण तोंडातून एक आवाज निघत होता, दर पावलाला. तो आवाज माझा आहे हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

एका ठिकाणी पाय वाकडा पडला. थांबले नाही. चाळ दिसली तेव्हा मी सगळ्यात आधी बघितलं की छप्पर आहे का. इतकं वेड्यासारखं.

दार हातभर उघडं होतं. मी ओढून गेले होते, ते उघडं होतं. ओट्यावर पाय ठेवताच वास आला. आत शिरले. दूध सगळ्या शेगडीवर, खाली कट्ट्यावर, भिंतीवर ओघळलेलं. ज्योत नव्हती. बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला. खाटेवर मुलगा एकटा होता. तोंडावरून गोधडी. मी त्याला तसाच उचलला आणि बाहेर आणून ओट्यावर जोरात हलवला. तो डोळे मिटलेला, मान माझ्या हातावर. मी पुन्हा हलवला. मग त्याने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. थंडी वाजली म्हणून रडला. एवढं गोड मी आजवर काही ऐकलं नव्हतं, पण तेव्हा ते ऐकायला वेळ नव्हता. मुलगी खाटेवर नव्हती.

मी तिला हाक मारली. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कोणाला हाक मारली नसेल. वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. कोपऱ्यावरून, जिथे सगळ्यांचे संडास आहेत, तिथून ती डबा घेऊन आली. अनवाणी. फ्रॉक धुक्याने ओला.

"आई, नळाला पाणीच नव्हतं. मी किती वेळ बसले," ती रागावून म्हणाली. "तू कुठे होतीस? घरात घाण वास येतोय."

"दिवा लावलास?"

"लाइट नव्हती. मी दाबलं, लागलीच नाही."

मी खाली बसले. धुक्यामुळे की कशामुळे, मी निघाल्यावर सामरवरणीतली लाइट गेली होती. म्हणून नळालाही पाणी नव्हतं. पोरगी अंधाराला घाबरून बाहेर पडली, दार नेहमीसारखं उघडं टाकून. दार उघडं टाकते म्हणून ती रोज माझी बोलणी खाते.

समोरच्या खोलीतली जळगावकडची बाई धावत आली होती. तिने माझ्या मांडीवरचा मुलगा स्वतःच्या पदरात घेतला. आत डोकावली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली. "अगं बाई! गॅस चालू ठेवून कुठे मेली होतीस तू?" मग माझ्या बुटांकडे बघितलं आणि पदराने मुलाचं नाक पुसायला लागली. त्या बघण्याने मला जास्त लागलं.

नवरा दुपारी अडीचला आला. तोपर्यंत मी शेगडी घासली होती, भिंत पुसली होती, खिडकी उघडी होती. वास गेला होता. लपवायचं म्हटलं असतं तर शेजारीण सोडून काही उरलं नव्हतं. पण मी त्याला हात धुवायच्या आत सांगितलं. उभ्या उभ्याच. मोटरसायकल सोडून सगळं.

तो खाटेवर बसला. "मी चार वेळा फोन केला. सुपरवायझरच्या फोनवरून. सहा वाजून गेल्यावर लगेच."

"आवाज बंद होता."

"दूध कशाला ठेवलंस गॅसवर?"

"रोजच ठेवते."

"रोज मी येतो."

"आज पण आलात असं वाटलं."

त्याने डोक्यावरची टोपी काढून खाटेवर ठेवली. मग म्हणाला, "माझ्यासारखा होता का गं तो?"

"जॅकेट तुमचंच होतं. हात पण तसाच केला."

"बाईमाणसाने हात दाखवल्यावर कोण खाली ठेवेल?" तो म्हणाला. त्याला हसवायचं होतं की टोचायचं होतं, मला कळलं नाही. मग त्याने मुलाला मांडीवर घेतलं, त्याच्या केसांचा वास घेतला, पुन्हा घेतला.

मी म्हणाले, "मी नाही जात शर्यतीला. उद्या बाईंना सांगते."

"शर्यत सोडलीस म्हणून गॅस बंद राहणार आहे का?" तो चिडून म्हणाला. "दूध मी आल्यावर तापवू. नियम मोडला तो मोडला. मी आत येऊन दोघांना हात लावीन, मग तू निघ. पण निघ. नाहीतर आयुष्यभर माझ्याकडे अशीच बघशील."

पण ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आत आला, दोघांना हात लावला, "जा" म्हणाला. मी वळणापर्यंत गेले आणि परत आले. तो चहा करत होता. तिसऱ्या दिवशी मी चौकापर्यंत गेले, तिथे निळ्या जॅकेटवाले दोघं उभे होते, त्यांना बघून माझे पाय तिथेच थांबले. चौथ्या दिवशी वळणापर्यंतसुद्धा गेले नाही. घर डोळ्यांआड झालं की छातीत तोच आवाज सुरू व्हायचा. बाईंना मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. तो खरंच मुरगळला होता, पण बरा झाला होता.

मग मी चाळीकडे बघितलं. चाळीला लागून मागे मोकळा प्लॉट आहे. चाळीच्या समोरून निघून, प्लॉटला वळसा घालून परत समोर यायचं, अशी एक फेरी पावलांनी मोजली. पाव किलोमीटरच्या आसपास. बाईंनी आता सोळा किलोमीटर करायला सांगितले होते, म्हणजे साठच्या वर फेऱ्या. घर सतत दिसेल, फक्त मागच्या बाजूचा एक तुकडा सोडून, तिथे चाळीची भिंत आड येते.

पण पहाटे अंधारात तिथे खड्डे दिसत नाहीत. उजेडातच पळावं लागणार. म्हणजे नळावर सगळ्या बाया, वरच्या कठड्यावर माणसं दात घासत, आणि मी त्यांच्यासमोरून साठ वेळा जाणार. आजवर मी अंधारात निघायचे ते वेळ वाचवायला असं बाईंना आणि नवऱ्याला सांगत होते. कोणी बघू नये हेही त्यात होतं.

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी मी बूट घातले. तो झोपला होता, त्याला उठवलं नाही. पोरं ओट्यावर खेळत होती. मी समोरच्या खोलीपाशी गेले. जळगावकडची बाई तांदूळ निवडत होती. वाक्य मी घरात दोनदा म्हणून बघितलं होतं.

"ताई, मी इथेच मागे पळणार आहे. दोन तास लागतील. पोरांकडे जरा लक्ष ठेवाल का?"

तिने ताटातून मान वर केली. "आणि गॅस?"

"बंद आहे. सिलिंडरपण बंद केलाय."

"मी येऊन बघेन."

"बघा," मी म्हणाले. "आणि तुमचा फोन नंबर द्या मला."

तिने सांगितला. मी लिहून घेतला.

पहिल्या दहा फेऱ्यांत सगळे नुसते बघत होते. पंधराव्याला नळावरून आवाज आला, "काय गं, घाण्याला जुंपलंय का नवऱ्याने?" बाकीच्या हसल्या. विसाव्याला वरून एक आजोबा गुजरातीत काहीतरी म्हणाले आणि त्यांनी बोटांनी आकडा मोजून दाखवला, तो चुकीचा होता. माझे कान गरम झाले होते. मान खाली घालता येत नव्हती, कारण दाराकडे बघायचं होतं. मुलगी ओट्यावर, मुलगा तिच्या पाठीमागे. ताईचं ताट मांडीवर. मग भिंत आली की दोघं दिसेनाशी व्हायची आणि मी जोरात पळायचे, खड्ड्यातूनही. भिंत संपली, पोरं दिसली, की वेग कमी. साऱ्या फेऱ्या अशाच, मागे घाई आणि पुढे दम. अशाने एकवीस किलोमीटर कधी निघत नाहीत, हे मला माहीत आहे. बाईंनी सांगितलं आहे की एका लयीत पळायचं.

चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या फेरीला मी भिंतीमागून समोर आले आणि लक्षात आलं की मागे मी घाई केली नव्हती. मी तिथे कशाचाच विचार करत नव्हते. पोरं जिथल्या तिथे होती. मुलगा चिखलात बसला होता आणि ताई त्याला ओरडत होती.

त्याच्या पुढच्या फेरीला मात्र मी भिंतीमागे पुन्हा जीव तोडून पळाले.